हाली आणि कलदार : पैनगंगेच्या दोन काठांवरचा बाजार
(प्रस्तावना)

पैनगंगेच्या दक्षिण काठावर एकेकाळी दुसरा रुपया चालत असे. आज नदी ओलांडली की कुठे नांदेड जिल्हा लागतो, कुठे तेलंगणातला आदिलाबाद. खिशातली नोट तीच राहते. १९४८ पर्यंत तसे नव्हते. अलीकडे वऱ्हाड, तिथे इंग्रजांचा कारभार. पलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान. त्या संस्थानाची टपाल तिकिटे वेगळी, जकात वेगळी आणि नाणेही वेगळे. इंग्रजी रुपयाला लोक कलदार म्हणत, निजामाच्या रुपयाला हाली. सहा कलदार बरोबर सात हाली, हा हिशेब उमरखेड, पुसद, पांढरकवडा, वणी या पट्ट्यात व्यापार करणाऱ्याला तोंडपाठ असावा लागे. हे पुस्तक त्या हिशेबाविषयी आहे आणि त्याच्या आधारावर चाललेल्या खरेदी-विक्रीविषयी आहे.

विनिमय दर हा विषय आपण शिकतो तो डॉलर आणि पौंडाच्या उदाहरणांनी. परदेशी शिकायला गेलेल्या मुलाची फी, तेलाची आयात, सोन्याचा भाव अशा वाटांनी तो आपल्या घरात येतो. शेजाऱ्याच्या चलनाशी रोजचा व्यवहार करणे याहून निराळे. तिथे बँक मध्ये येत नाही. दर दुकानदार सांगतो, गिऱ्हाईक तो मान्य करते किंवा पिशवी उचलून पुढच्या दुकानात जाते. रकमा लहान असतात आणि फरक आण्या-पैचा असतो. म्हणूनच विनिमय दराचा भार कोणावर पडतो, हे मोठ्या व्यापारापेक्षा अशा बाजारात जास्त स्पष्ट दिसते. मी लिहितो आहे त्या यवतमाळ जिल्ह्यातल्या लोहाऱ्यापासून कोणतीही आंतरराष्ट्रीय सीमा जवळ नाही. तरी विषयाचा इतका चांगला धडा आपल्याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला पडलेला असताना तो दूरच्या उदाहरणांवर शिकण्याचे कारण नाही.

आधी सीमा कशी तयार झाली ते पाहू, कारण ती मोठी विचित्र होती. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा खर्च आणि त्यापायी साठलेले कर्ज यांची ती तरतूद होती. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनच्या काळात वर्षाला २५ लाख रुपये घेऊन वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने देण्याचे ठरले आणि १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडले गेले. वणी या नावाने ओळखला जाणारा आपला जिल्हा १९०५ मध्ये यवतमाळ झाला. म्हणजे कागदोपत्री यवतमाळची जमीन निजामाचीच होती आणि कारभार इंग्रजांचा. निजामाने १९२३ मध्ये वऱ्हाड परत मागितले, १९२६ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने ती मागणी फेटाळली; १९३६ च्या करारात निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब देऊन त्याच्या नाममात्र स्वामित्वाचा मान राखला गेला. या वाटाघाटींच्या बातम्या वाचणाऱ्या इथल्या सावकाराला आणि अडत्याला त्यात एक व्यावहारिक प्रश्नही दिसत असणार : वऱ्हाड परत गेले तर खातेवह्या कलदारात लिहायच्या की हालीत? नाणे स्वामित्वामागे जात नाही, कारभारामागे जाते, एवढे या इतिहासातून दिसते.

आता सहास सात हे प्रमाण आले कुठून? त्याचे मूळ चांदीत आहे. कलदार रुपया ११.६६ ग्रॅम वजनाचा आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. म्हणजे शुद्ध चांदी सुमारे १०.७ ग्रॅम. हाली रुपया ११.१८ ग्रॅमच्या आसपास, त्यात चांदी हजारात ८१८ भाग. म्हणजे शुद्ध चांदी सुमारे ९.१ ग्रॅम. या दोन आकड्यांचे प्रमाण काढले तर ते जवळजवळ सहास सातच येते. सराफाने दोन्ही रुपये कसोटीला लावून, वजन करून जो भाव सांगितला असता, तोच पुढे सरकारी दर झाला. शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, असा तो कागदावर लिहिला जाई.

पण चांदीने सुरू झालेले हे प्रमाण चांदीवर टिकले नाही. १८९३ मध्ये इंग्रज सरकारने टांकसाळी खासगी चांदीसाठी बंद केल्या. त्याआधी कोणीही चांदी नेऊन रुपये पाडून घेऊ शकत होता. आता रुपया सरकार पाडेल तेवढाच. त्यामुळे कलदाराचा भाव चांदीच्या भावापासून सुटला आणि पुढे पौंडाशी बांधला गेला. हालीला तो आधार नव्हता, म्हणून दोघांमधला दर हलू लागला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हैदराबादने यंत्रावर पाडलेला, चारमिनारचे चित्र असलेला नवा रुपया आणला आणि नाण्याचा पुरवठा हाती ठेवून दर ११६ च्या आसपास धरला. दुसऱ्या महायुद्धात तर गंमतच झाली. १९४० मध्ये कलदार रुपयातली चांदी निम्म्यावर आली. म्हणजे काही काळ नव्या कलदारात हालीपेक्षा कमी चांदी होती, तरी बाजारात कलदारच महाग राहिला. पुढे हालीतही चांदी निम्मीच उरली. धातू गेला आणि दर राहिला. दर म्हणजे शेवटी दोन तिजोऱ्यांवरचा विश्वास, हे पाठ्यपुस्तकातले वाक्य इथे नाण्याच्या वजनावरून सिद्ध करता येते.

स्थिर दराने बाजारात काय घडते, हा या पुस्तकाचा गाभा आहे. नियमाने पाहिले तर काहीच घडू नये. सहा कलदारांची वस्तू सात हालींना मिळाली तर ती स्वस्तही झाली नाही आणि महागही नाही. व्यवहारात मात्र वस्तू रुपयांच्या पटीत विकत घेतली जात नाही. एक आणा कलदार म्हणजे हिशेबाने एक आणा दोन पै हाली. हातात दोन पैचे नाणे असेल तर ठीक. नसेल तर दुकानदार सव्वा आणा मागणार. चौदा पैची वस्तू पंधरा पैला गेली, म्हणजे गिऱ्हाइकाने सात टक्क्यांहून जास्त बट्टा भरला. उलट बाजूने एक हाली रुपया म्हणजे पावणेचौदा आण्यांहून किंचित कमी. तो मोडताना पुन्हा एकदा कोणीतरी आकडा आपल्या सोयीने गोल करणार. दहा गिऱ्हाइकांकडून एकेक पै जास्त घेतली तर ती कोणाच्या ध्यानात येत नाही, पण संध्याकाळी गल्ल्यात दिसते.

मोठ्या व्यापाऱ्याला हा त्रास फारसा होत नसे. त्याचे पलीकडच्या अडत्याशी खाते असे. इकडून गेलेला माल आणि तिकडून आलेला माल एकमेकांत वळते करायचे आणि उरलेल्या रकमेची हुंडी काढायची. नाणे हातात घेण्याची वेळ क्वचितच येई. बट्टा भरायचा तो हातात नाणे घेऊन आलेल्याने. यात मजूर आला, बाजाराला आलेली बाई आली, बैल विकून परत निघालेला शेतकरी आला. त्याच्याकडे कोणते नाणे यावे हे तो ठरवत नाही. मजुरी ज्या नाण्यात मिळेल त्यात तो घेतो आणि मीठ, कापड, घासलेट ज्या नाण्यात मिळेल त्यात विकत घेतो. दर दोघांनाही सारखाच असतो. तो वापरण्याची किंमत सारखी नसते. पुढच्या प्रकरणांतला सगळा तपशील या एका विधानाभोवती उभा आहे.

दराच्या जोडीला जकात होती. हैदराबाद संस्थानाच्या जकात खात्याला करोडगिरी म्हणत. १८०२ च्या व्यापारी तहाने इंग्रजी मुलखातून येणाऱ्या मालावर किमतीच्या शेकडा ५ एवढी मर्यादा घातली होती आणि हा पाच टक्क्यांचा आकडा पुढे शतकाहून अधिक काळ टिकला. शंभर कलदारांचे कापड पलीकडे नेले तर हिशेब असा होई : दराने ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, त्यावर पाच टक्के जकात, एकूण १२२ रुपये ८ आणे. वाहतूक आणि नफा त्यानंतर. दोन काठांवरच्या किमतीत खरा फरक पडतो तो इथे. दराने किमती भाषांतरित होतात, जकातीने बदलतात. एखादी वस्तू पलीकडून आणायची की नाही हे ठरवताना लोक दर विचारत, पण उत्तर बहुतेक वेळा नाक्यावर असे. करोडगिरीचे नाके रस्त्यांवर आणि उतारांवर होते. नदी मात्र लांब होती आणि उन्हाळ्यात तिचे पाणी जागोजागी कमी होई. यापलीकडे चोरट्या व्यापाराचे वर्णन करण्याची गरज नाही.

सीमा ओलांडणारा प्रत्येकजण व्यापारी नव्हता. माहूर तेव्हा निजामाच्या मुलखात, आदिलाबाद जिल्ह्यात होते. किनवट तालुक्याबरोबर तो भाग १९५६ मध्ये नांदेडला आला. यवतमाळहून आर्णी, धनोडा करत पैनगंगा ओलांडली की रेणुकामातेचे आणि दत्तशिखराचे दर्शन, ही वाट आजही तीच आहे. त्या काळी या वाटेवर भाविकाचा रुपया बदलत असे. नारळ, खण, प्रसाद, धर्मशाळेतला शिधा यांच्या किमती पलीकडच्या नाण्यात, यात्रेकरूची गाठ कलदारात. यात्रेच्या गावी दुकानदार कलदार आनंदाने घेतो, कारण तो वजनदार. प्रश्न सुट्ट्याचा येतो. कलदार देऊन खुर्दा हालीत परत घेताना जो हिशेब चुकेल तो यात्रेकरूच्याच अंगावर. नेपाळला पशुपतिनाथाच्या दर्शनाला जाऊन आलेल्या मराठी कुटुंबांना हा अनुभव समजावून सांगावा लागणार नाही. तिथे १९९३ पासून शंभर भारतीय रुपयांना १६० नेपाळी असा बांधलेला दर आहे. काठमांडूचा दुकानदार आकडा सांगतो तो कोणत्या रुपयात, हे विचारण्याआधी बरेच जण पाकीट उघडतात.

पुस्तकातला सर्वांत रंगतदार ऐवज नोटांचा आहे. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली तेव्हा हैदराबादने १९१८ मध्ये स्वतःच्या कागदी नोटा काढल्या. उस्मानिया सिक्का हे त्या चलनाचे अधिकृत नाव. सुरुवातीला दहा आणि शंभर रुपयांच्या नोटा आल्या, लगेच १९१९ मध्ये एक आणि पाचच्या, पुढे १९२६ मध्ये हजाराची. त्यावर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू आणि कानडीतही रक्कम लिहिलेली असे. पहिल्या नोटा लंडनच्या वॉटरलो कंपनीने छापल्या. नाशिकला नोटांचा छापखाना सुरू झाल्यावर हैदराबादच्या नोटाही तिथेच छापल्या जाऊ लागल्या. म्हणजे मराठी अक्षरे असलेले, मराठी मुलखात छापलेले आणि पैनगंगेच्या अलीकडे दुकानात बट्टा लागणारे असे हे चलन होते. १९४१ च्या कायद्याने स्थापन झालेल्या हैदराबाद स्टेट बँकेकडे त्याचा कारभार गेला. ही बँक पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि २०१७ मध्ये भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. मराठवाड्यातल्या अनेक वाचकांचे पहिले पासबुक तिचेच असेल.

१९४७ नंतर हा सगळा हिशेब राजकारणाच्या हाती गेला. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार आणि निजाम यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत हैदराबादने दोन वटहुकूम काढले : मौल्यवान धातू संस्थानाबाहेर नेण्यावर निर्बंध, आणि भारतीय चलन संस्थानात कायदेशीर चलन म्हणून चालणार नाही. करार मोडल्याच्या भारताच्या तक्रारींत हे दोन्ही मुद्दे ठळक होते. दिल्लीत हा कायद्याचा वाद होता. पैनगंगेच्या काठावर तो उद्याच्या बाजाराचा प्रश्न होता. ज्याच्या घरात पेरणीसाठी कलदार ठेवलेले असतील त्याने ते कुठे चालवायचे? त्याच महिन्यांत उमरखेडला निजामाविरुद्ध लढणाऱ्यांची छावणी होती. सीमेपलीकडे उमरी इथली बँक ३० जानेवारी १९४८ रोजी स्वातंत्र्यसैनिकांनी लुटली. गांधीजींची हत्या झाली तो हाच दिवस. लढा राज्यसत्तेशी होता आणि सत्तेची तिजोरी हे त्यातले एक लक्ष्य होते. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली आणि संस्थान संपले.

चलन मात्र त्या दिवशी संपले नाही. १९५० मध्ये भारतीय रुपया हालीच्या जोडीने चालू झाला, दर तोच सहास सात. त्यानंतर टप्प्याटप्प्याने हाली मागे घेतला गेला. करोडगिरीही एका दिवसात उठली नाही. या संधिकाळातल्या माणसाच्या एकाच घरात दोन प्रकारचे रुपये आणि एकाच कागदावर दोन प्रकारच्या रकमा असत. शेतसारा, जुने कर्ज, गहाणखत, सगळ्यांचे आकडे सातास सहाने बदलायचे होते. ज्याला हिशेब येत होता त्याने तो स्वतः केला. ज्याला येत नव्हता त्याच्यासाठी सावकाराने केला. या प्रकरणासाठी जुन्या खातेवह्या आणि गहाणखते सर्वांत उपयोगी पडतात, कारण त्यांत दर कोणी कोणाच्या बाजूने लावला ते शाईत दिसते.

एक चलन झाले की सीमेवरची खरेदी संपेल, असे कोणाला वाटले असेल तर आपल्याच जिल्ह्याने ते खोटे ठरवले. १९७२ मध्ये महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाली. शेतकऱ्याने कापूस सरकारी यंत्रणेलाच विकायचा. राज्याबाहेर नेण्यास बंदी. दोन्ही काठांवर रुपया एकच होता, पण कापसाला दोन भाव निर्माण झाले. आदिलाबादच्या बाजारात भाव चढला की इकडचा कापूस लपूनछपून तिकडे जाई. इकडचा हमीभाव वर असला की तिकडचा कापूस इकडे येई. राज्यबंदी उठवा, ही शेतकरी संघटनेची मागणी याच अनुभवातून आली होती. विसाव्या शतकाच्या शेवटी ही योजना खिळखिळी झाली आणि २००२ नंतर खासगी खरेदीला वाट मिळाली. हालीच्या काळातला नाका आणि योजनेच्या काळातला नाका यांत चलनाचा फरक आहे, कामाचा नाही. किमतीतली दरी कायद्याने पाडली की ती भरून काढायला गाड्या निघतातच.

याच कारणाने या पुस्तकात गोव्याचेही एक छोटे प्रकरण आहे. १९६१ पर्यंत सावंतवाडी-बांद्याच्या पलीकडे पोर्तुगीज चलन होते. तिथला रुपया बराच काळ भारतीय रुपयाच्या बरोबरीने मोजला जाई, शेवटच्या काही वर्षांत त्याची जागा एस्कुदोने घेतली. सोने आणि परदेशी वस्तू गोव्यातून इकडे येत त्या दरातल्या फरकामुळे नव्हे. दर समान असतानाही आयातीच्या नियमांत जमीन-अस्मानाचा फरक होता. पैनगंगा आणि गोव्याच्या सीमेवरची तेरेखोल या दोन नद्यांची उदाहरणे शेजारी ठेवली की मुद्दा पक्का होतो.

मांडणीविषयी थोडे. पहिल्या भागात नाणी आणि नोटा, दुसऱ्यात दर आणि बट्ट्याचे गणित, तिसऱ्यात नाके, बाजार आणि यात्रा, चौथ्यात १९४७ ते १९५६ चा काळ, पाचव्यात एकाधिकार योजनेपासून आजपर्यंतचा कापूस. शेवटच्या भागात आजच्या लोहाऱ्याचाही उल्लेख येतो. इथल्या औद्योगिक वसाहतीत डेनिम विणले जाते, आणि डेनिम ही जगाच्या बाजारातली वस्तू. त्यामुळे कापसाच्या भावावर डॉलरचा परिणाम होतो हे इथल्या शेतकऱ्याला वर्तमानपत्रातून कळण्याआधी अडत्याच्या तोंडून कळते. त्याच्या हातात डॉलर कधीच येत नाही. बट्टा मात्र येतो.

आकडे देताना पुस्तकात एक पथ्य पाळले आहे. सरकारी दर आणि बाजारातला दर वेगवेगळे लिहिले आहेत. जिथे फक्त आठवणीचा आधार आहे तिथे ती आठवण म्हणूनच दिली आहे, आकडा म्हणून नाही. जुन्या माणसांना दर चोख आठवतो, कारण तो पाढ्यासारखा पाठ होता. किमती तशा आठवत नाहीत, आणि स्वस्ताईच्या आठवणी तर फारच जपून वापराव्या लागतात. आण्या-पैचे हिशेब मुद्दाम पूर्ण करून दाखवले आहेत. ते वगळून वाचले तरी कथा कळेल, पण एकदा पेन्सिल घेऊन सोडवले तर बट्टा नेमका कुठे लपतो ते जास्त कळेल.

वाचकाने पुस्तक वाचताना एवढा एक प्रश्न हाताशी ठेवावा : दोन किमतींच्या मधला फरक कोणी ठरवला आणि कोणी भरला? काठमांडूत, दुबईत किंवा यवतमाळच्या बाजार समितीत, कुठेही तो विचारता येईल. दर किती आहे हे कोणीही सांगेल. या प्रश्नाचे उत्तर मात्र ज्याचे त्याला पावती उलटून पाहूनच काढावे लागते.

लोहारा, जि. यवतमाळ